उपग्रहाच्या चित्रात जंगल लाल का?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाचे उपग्रहचित्र वर्गात दाखवले की पहिला प्रश्न ठरलेला: जंगल लाल का? संगणकावर चित्रे करण्याचे शिक्षण इथूनच सुरू करावे, असे आम्हांला वाटते. उपग्रह रंग पाठवत नाही, आकडे पाठवतो. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण भरपूर परावर्तित करते. या किरणांच्या आकड्यांना पडद्यावर लाल रंग द्यायचा, हे माणसाने ठरवलेले असते.

मग विद्यार्थ्यांनी हिशेब करावा. समजा, अवरक्त परावर्तन ४० टक्के आणि तांबडे ५ टक्के आहे. त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागले की ०.७८ येतात. हा वनस्पती-निर्देशांक. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो. तेव्हा आकडे २५ आणि १५ झाले, तर उत्तर ०.२५. ‘जंगल’ म्हणून रंगवण्याची सीमा कोणी ०.३ ठेवली, तर उभे सागवन नकाशातून नाहीसे होते! झाड एकही तुटलेले नसते.

ही नुसती कवायत नव्हे. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. अशा ग्रामसभांना जंगलाचे नियोजन करताना नकाशा लागतो, आणि तो वाचणारे गावचेच हवेत. क्यूजीआयएस ही विनामूल्य प्रणाली आणि सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची मोफत चित्रे महाविद्यालयाला पुरतात. नोव्हेंबर आणि एप्रिलची चित्रे शेजारी ठेवावीत, रंगपट्टी एकच असावी, तारीख चित्रावरच छापावी. एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला रानात जाणारी मुले त्या ‘उजाड’ चित्रावर आधी हसतील, मग सीमा किती ठेवली होती ते विचारतील.