थंडीत ऊब हवी, पण शेगडी घरात नको

कळस आणि इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात पौषातला पहाटेचा गारठा हाडात शिरतो. पत्र्याच्या घरात तो जास्तच जाणवतो, कारण पत्रा रात्री झपाट्याने गार पडतो. मग कुणी शेगडी आत घेतं, कुणी हीटर आणतं. यातलं काय बरं, ते आम्ही खिशाच्या आणि जिवाच्या हिशोबाने मांडत आहोत.

कोळशाची शेगडी : सर्वांत स्वस्त, पण सर्वांत घातक. दार लावून घेतलं की निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. झोपेत असलेल्या माणसाला तेही कळत नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. लाकडाची किंवा पाचटाची शेकोटीसुद्धा अंगणातच बरी. दम्याच्या माणसाने तिथेही धुरापासून लांब बसावं.

रॉडचा हीटर : याची तांबडी कांडी हवा कमी आणि समोरचं अंग, भिंत, अंथरूण जास्त तापवते. फटी असलेल्या घरात म्हणूनच तो ब्लोअरपेक्षा उपयोगी. ब्लोअरने तापलेली हवा फटींतून निघून जाते. १००० वॅटचा हीटर तासाला १ युनिट वीज घेतो. रोज २ तास लावला तर महिन्याला ६० युनिट. २००० वॅटचा ब्लोअर तेवढ्याच वेळात १२० युनिट खातो. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांच्या पुढे चढतो, हे ध्यानात ठेवा.

२००० वॅटचं यंत्र जवळपास ९ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतं. दिव्या-पंख्याचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. तो वितळतो, आग लागते. म्हणून मोठा सॉकेट आणि अर्थिंग हवंच. हलका एक्स्टेंशन बोर्ड नको. गोधडी, पडदा, लेकरं ३ फूट लांब ठेवा. झोपण्याआधी हीटर बंद करून पिन काढा.

गोधडी आणि अंथरूण : यांना बिल येत नाही. थंडी खालूनही येते. म्हणून चटईवर आधी घोंगडी किंवा जाड सतरंजी घाला. कानटोपी आणि पायमोजे घाला. पत्र्याच्या फटी बुजवा, पण हवा खेळती राहील एवढी एक वाट ठेवा. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळूनच घ्या. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी ती पायाला लावू नये. चटका कळत नाही. तान्ह्या बाळाला आईच्या अंगाची ऊब सर्वांत चांगली.

शेगडी पेटलेल्या घरात कुणी गुंगीत सापडलं, तर दारं-खिडक्या सताड उघडा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना हे वाचून दाखवा आणि निजण्याआधी त्यांची शेगडी बाहेर आहे ना, ते एकदा बघून या.