तंजावरचं व्हाईट मेटल

तंजावरला गेलेला मराठी माणूस सरस्वती महाल पाहतो, बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसल्यांचा इतिहास वाचायची खटपट करतो आणि फिल्टर कॉफी पिऊन परततो. हे सगळं मीही करतो, पण आधी पाय वळतात ते भातगिरणीकडे. कावेरीच्या खोऱ्यात भात अमाप, म्हणून गिरण्याही. नव्या गिरणीत प्रत्येक यंत्राला आपली मोटर असते. जुन्या गिरणीत मात्र छतालगत एकच लांबलचक लाइनशाफ्ट फिरतो, त्यावरून पट्टे खाली उतरतात आणि शाफ्ट जागोजाग टेकतो प्लमर ब्लॉकमधल्या, म्हणजे बेअरिंगच्या लोखंडी घरामधल्या, साध्या बेअरिंगवर. ना बॉल, ना रोलर. मऊ धातूच्या दोन अर्धवाटोळ्या फाका आणि तेल, बस्स.

प्रकार उरकून टाकतो. अखंड नळीसारखा तो बुश, दोन फाकांचं ते स्प्लिट बेअरिंग, शाफ्टचा टोकाकडचा रेटा झेलणारं ते थ्रस्ट. धातू म्हणाल तर गनमेटल, फॉस्फर ब्रॉन्झ, ओतीव लोखंड. हलक्या कामाला नायलॉन. जहाजाच्या पंख्याच्या शाफ्टला पूर्वी लिग्नम व्हायटी नावाचं लाकूड लावत आणि वंगण म्हणून समुद्राचंच पाणी. गनमेटल म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला मेणाचा साचा वितळवून मूर्ती ओततात, तिथेही मूळ धातू तांबंच. तिथला नटराज पाहताना माझ्या डोक्यात ऊसगाळपाच्या रोलरचं गनमेटलचं बेअरिंग येतं. बायको म्हणते, तुम्हाला देवळात नेऊ नये.

पण माझा जीव व्हाईट मेटलवर. आयझॅक बॅबिट या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नेहमीच्या एका प्रतीत साधारण ८९ टक्के कथील, साडेसात टक्के अँटिमनी आणि साडेतीन टक्के तांबं असतं. मऊ कथलात कडक कण विखुरलेले. तेलातून कचरा आला तर धातू तो पोटात घेतो, शाफ्टला ओरखडा पडू देत नाही. तेल आटलं तर २४० अंशांच्या आसपास स्वतः वितळू लागतो. फाका बदलायच्या, महागडा शाफ्ट वाचतो. स्वस्त माल मरावा आणि महाग जगावा, हा हिशेब मला फार आवडतो.

आता खरी गंमत. १८८३ च्या सुमारास बोशँप टॉवर हे इंग्रज इंजिनिअर बेअरिंगमधलं घर्षण मोजत होते. तेल सोडायला त्यांनी वरच्या भागाला भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागलं. कॉर्क ठोकला, तो उडाला. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकली. फिरता शाफ्ट तेलाला पाचरीसारखं आत ओढतो आणि त्या दाबावर स्वतः तरंगतो, हे तिथे कळलं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. म्हणजे चालत्या बेअरिंगमध्ये धातूला धातू लागतच नाही. झीज होते ती मुख्यतः चालू-बंद करताना. साध्या बेअरिंगला मागासलेलं म्हणणाऱ्यांनी औष्णिक वीजकेंद्रात जाऊन यावं. तिथल्या अजस्र टर्बाइनचे शाफ्टही व्हाईट मेटलवरच, तेलाच्या पापुद्र्यावर फिरतात.

तंजावरात एका मिस्त्रींकडे फाका भरताना पाहिल्या. जुना धातू वितळवून काढला, कवच घासून त्याला कथलाचा हात दिला आणि मग व्हाईट मेटल ओतलं. कढईतल्या रसात कागदाचा तुकडा बुडवून बघतात. तपकिरी झाला तर रस तयार, पेटला तर फार तापला. थंड झाल्यावर हातोडीने हळूच टकटक. खणखणीत वाजलं तर धातू कवचाला धरलाय, बद्द वाजलं तर पुन्हा पहिल्यापासून. मग शाफ्टला निळा रंग लावून फाकेत फिरवायचा, निळे ठिपके उठतील तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. फट साधारण शाफ्टच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी. १०० मिलिमीटरला ०.१ मिलिमीटर.

पुढची देखभाल फारशी अवघड नाही. शाफ्टवर सैल लोंबणारी कडी खालच्या टाकीतलं तेल वर आणते. ती फिरतेय ना, हे रोज डोकावून बघायचं, तेल काळं पडलं की बदलायचं आणि ब्लॉकला हात लावायचा; हात ठेववत नसेल तर गिरणी थांबवायची. सांबा भात साधारण जानेवारीत येतं, म्हणून बेअरिंगची उघडझाप डिसेंबरातच उरकावी.

घोळ होतो तो फाकेत तेलासाठी कोरायच्या चरीत. ‘जास्त चरी, जास्त तेल’ म्हणून लोक भार येतो तिथेच चर कोरतात. टॉवरच्या भोकाने जे केलं तेच ती चर करते: दाब निसटतो, पापुद्रा फाटतो. आणि लाइनशाफ्टवर भार कायम खालीच असतो असंही नाही. पट्टा ओढेल तिकडे तो सरकतो. म्हणूनच त्या मिस्त्रींनी छिन्नी उचलण्याआधी गिरणीवाल्याला विचारलं, “पट्टा कुठल्या बाजूला ओढतो?” आणि चर त्या ओढीच्या विरुद्ध बाजूला कोरली.