खिळ्याची बंदूक : हात सांभाळा, धंदा सांभाळा

फॉल्स सीलिंग, ॲल्युमिनियम सेक्शन, वायरिंगचे पाइप, एसीचे डक्ट या कामांत आमचे पुष्कळ कारागीर बांधव आहेत. कोकणातले कित्येक तरुण आखाती देशांतल्या साइटवर हेच काम करतात. ड्रिल मारून, गुट्टी ठोकून, स्क्रू आवळण्याऐवजी काडतुसाच्या बंदुकीने एका फटक्यात खिळा बसतो. वेळ वाचतो, मजुरी सुटते. म्हणून हे हत्यार आता लहान ठेकेदारांच्या पेटीतही दिसू लागले आहे.

मध्यंतरी आम्ही एका बांधकामावर गेलो होतो. एक उस्ताद विटेच्या पडदीवर लोखंडी पट्टी ठोकत होते. खिळा गिलावा आणि वीट पार करून थेट पलीकडच्या खोलीत गेला. तिथे रंधा मारणारा पोरगा नुकताच पाणी प्यायला उठला होता. उस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, "वीस वर्षे हातोडा चालवला, असे कधी झाले नाही." खरेच आहे, पण ही वस्तू हातोडा नाही. तिच्यात दारू जळते. त्या दिवशी आम्ही ठरवले की या विषयावर सविस्तर लिहायचे.

हत्यार चालते कसे?

या बंदुकीचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात दारूचा वायू सरळ खिळ्यालाच ढकलतो, त्यामुळे खिळा गोळीच्या वेगाने सुटतो. दुसऱ्या प्रकारात वायू दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या खिळ्याला. यात खिळ्याचा वेग सेकंदाला साधारण 100 मीटरच्या आत राहतो आणि दट्ट्या थांबला की खिळ्याचा जोरही संपतो. जुन्या मालाच्या बाजारात स्वस्तात मिळते म्हणून पहिल्या प्रकारचे हत्यार घेऊ नका. दट्ट्याचेच घ्या. मात्र ते मिळाले म्हणून निर्धास्त होऊ नका. पोकळ किंवा मऊ भिंतीतून त्याचाही खिळा आरपार जातो.

नळीचे तोंड भिंतीवर पूर्ण दाबल्याशिवाय बार उडत नाही, ही या हत्यारातली मोठी सोय. काही जण ही कळ बांधून ठेवतात. असे करणाऱ्याच्या हाती हत्यार देऊच नये.

काडतुसाचा रंग

काडतुसाची ताकद रंगावरून कळते. अमेरिकी पद्धतीत पितळी काडतुसांचा चढता क्रम असा : राखाडी 1, तपकिरी 2, हिरवे 3, पिवळे 4, लाल 5, जांभळे 6. पांढऱ्या निकेलच्या काडतुसांवर हेच रंग 7 ते 12 क्रमांकांसाठी येतात. म्हणून रंगाबरोबर धातूही पाहावा. युरोपीय मालाचा क्रम वेगळा असतो. तिथे काळे काडतूस सर्वांत कडक. एका कंपनीचे काडतूस दुसऱ्या कंपनीच्या हत्यारात घालू नये. सुरुवात नेहमी सर्वांत हलक्या काडतुसाने करावी. खिळा पुरता बसला नाही तरच एक पायरी वर चढावे.

आधी भिंत ओळखा

एक खिळा हातात धरून हातोडीने भिंतीवर हलका ठोका मारून पाहा. टोक बोथट झाले तर माल फार कठीण आहे. तडा गेला तर माल ठिसूळ आहे. खिळा सहज आत शिरला तर माल मऊ आहे. तिन्ही ठिकाणी बंदूक चालवू नये. बिडाचे लोखंड, टाइल, काच, संगमरवर, ग्रॅनाइट, वीट, पोकळ ब्लॉक यांवर तर नाहीच नाही.

काँक्रीटची जाडी खिळा जितका आत जाणार त्याच्या निदान तिप्पट हवी. 25 मिलिमीटर आत जाणार असेल तर 75 मिलिमीटर. काँक्रीटच्या कडेपासून आणि दोन खिळ्यांमध्येही 75 मिलिमीटर अंतर ठेवा. लोखंडी गर्डरच्या कडेपासून 13 मिलिमीटर पुरते. पलीकडे कोण आहे, भिंतीत वायर किंवा पाइप आहे का, हे आधी पाहा. थिनर, पेट्रोल, गॅसचा वास असलेल्या जागी हत्यार काढूच नका.

बार उडाला नाही तर

सर्वांत जास्त घात इथे होतो. काडतूस उडाले नाही की कारागीर लगेच हत्यार उचलून नळीत डोकावतो. तसे करू नका. हत्यार भिंतीवर दाबूनच ठेवा आणि तीस सेकंद थांबा. पुन्हा चाप ओढा. तरीही उडाले नाही तर आणखी तीस सेकंद थांबा, मग सावकाश काडतूस काढून पाण्यात टाका. अडकलेले काडतूस खिळ्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने उकरू नका.

काडतूस आयत्या वेळी भरा. भरलेले हत्यार खाली ठेवू नका, कुणाच्या हाती देऊ नका. काडतुसे खिशात खिळ्यांबरोबर सुटी ठेवू नका. आखातातून परतणाऱ्यांनी ती विमानाच्या सामानात घालू नयेत. डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे हवेतच. बंद खोलीतला आवाज कान कायमचे बिघडवतो.

साफसफाई

दारूची काजळी नळीत आणि दट्ट्यावर साचते. मग दट्ट्या अडकतो, खिळा अर्धवट बसतो आणि कारागीर उगाच कडक काडतूस घालतो. सफाईआधी हत्यार रिकामे असल्याची खात्री करा. काम संपल्यावर ते उघडा, नळी ब्रशने घासा, दट्ट्या पुसा. दट्ट्याचे टोक फुटले किंवा वाकले असेल तर तो बदला; घासून चालवू नका. तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच. रोज सकाळी काडतूस न भरता हत्यार दाबून पाहा, चाप आणि कळ नीट चालतात का ते तपासा. अनेक काडतुसांत शिशाचा अंश असतो, म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवा.

अमेरिकेच्या कायद्याने हे हत्यार शिकलेल्या माणसानेच चालवायचे असते. आपल्या ठेकेदार बांधवांनीही हाच नियम ठेवावा. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी झाडू द्या, दुसऱ्या दिवशी ड्रिल द्या. पण ही बंदूक शिकवल्याशिवाय देऊ नका. ड्रिलने वाया गेलेला अर्धा तास भरून निघतो. गेलेला डोळा परत येत नाही, आणि त्याच्या घरच्यांना तोंड ठेकेदारालाच द्यावे लागते.