जबाब देताना तिच्यासोबत कोण?

अत्याचाराची तक्रार दिली की तपास सुरू होतो, आणि तीच गोष्ट बाईला पुन्हा पुन्हा सांगावी लागते. सांगताना अंग थरथरतं, क्रम चुकतो, कधी शब्दच फुटत नाही. म्हणजे ती खोटं बोलते असं नाही. जबर धक्क्यानंतर आठवण तुकड्यातुकड्यांनी येऊ शकते. आठवत नसेल ते ‘आठवत नाही’ असंच सांगावं.

२०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घेतात. शक्यतो महिला अधिकारीच घेते. आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा गावातली सामाजिक कार्यकर्ती सोबत बसू शकते. वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीनंच होते, उपचार मोफत मिळतात.

गटातल्या बायांनी काय करावं? ठाण्यात सोबत जावं. जीव घाबरला तर ‘जरा थांबा, पाणी द्या’ म्हणायला तिला सांगावं. घरी आल्यावर ‘काय विचारलं गं?’ म्हणून खोदू नये. गरम भाकरी वाढावी, रात्री सोबतीला झोपावं. तिचं नाव व्हॉट्सॲपवर टाकू नये, तो गुन्हा आहे.

झोप उडाली, जेवण तुटलं, तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे. इतर मदतीसाठी १८१.