पायरीखालचा कॉक

२०१८ च्या जुलैमधली गोष्ट. पहाटेचे तीन वाजले असतील. आमच्या गल्लीत तेव्हा पाणी सुटायचं ते याच अवेळी. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता, त्यामुळे पाणी घरातही कोसळतंय हे आधी ध्यानातच आलं नाही. मोरीकडून ‘फस्स’ असा आवाज येऊ लागला म्हणून उठले, तर मोरीतल्या चावीचं मुंडकं उडालेलं आणि पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर! (आम्ही कोल्हापूरकर नळाला चावी म्हणतो, हे बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी.) त्या भिंतीवरच दिव्याचं बटण. मी टॉवेल कोंबला, परकर गुंडाळला, तळहाताने दाबून धरलं. कशाचा उपयोग होईना. निदान दिवा तरी बंद करावा म्हणून ओल्या हातानेच बटणाकडे वळले, तशी आतून यांची हाक आली, “बटणाला हात लावू नको! आधी सोप्यातला मेन स्विच पाड. मग कॉक बंद कर.”

मेन स्विच पाडला. अंधारात विचारलं, “कॉक कुठाय?”

“पायरीखाली.”

“कुठल्या पायरीखाली?”

यांना उठून दाखवता येण्यासारखं नव्हतं. महिन्यापूर्वीच खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. शेवटी बॅटरी घेऊन मी उंबऱ्याबाहेर गेले. दारासमोरच्या पायरीला लागून शहाबादी फरशीचा एक चौकोन सुटा आहे, त्याच्याखाली तो कॉक. त्या फरशीवर मी लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे ४१ वर्षं, रोज सकाळी सडा टाकून रांगोळी काढत आले होते. खाली काय आहे हे कुणी मला सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

उलथन्याने फरशी उचकटली, तर कॉक गंजून घट्ट बसलेला. शेजारच्या भाऊजींना उठवलं, त्यांनी पान्याने फिरवला. तोवर पाणी स्वयंपाकघर ओलांडून देवघरापर्यंत गेलं होतं. पहाटे पाचपर्यंत मी पोतेऱ्याने पाणी टिपत होते आणि हे पलंगावर पडल्या पडल्या रडकुंडीला आले होते. नळ फुटला म्हणून नव्हे, आपल्याला उठता येत नाही म्हणून.

आता हे हाड कसं मोडलं तेही सांगते. आमचं घर शुक्रवार पेठेतलं, जुनं, मंगलोरी कौलांचं. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून या चपट्या कौलांना ते नाव पडलं. कौल चांगलं असतं, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण ते रिपांवर नुसतं अडकवलेलं असतं. मांजरं पळाली, वाऱ्याने फांदी आपटली, की बोटभर सरकतं आणि बरोबर पलंगावर गळायला लागतं. दर जूनमध्ये पहिल्या पावसाला हे माळ्याला शिडी लावत, काठीने कौल सारखं करत आणि विजयी मुद्रेने खाली उतरत. त्या वर्षीही चढले. शिडी तीच, काठी तीच, वय मात्र सदुसष्ट. वरच्या तिसऱ्या पायरीवर पाय सटकला. मी म्हटलं होतं, “माणूस बोलावू या.” त्यावर उत्तर, “एका कौलासाठी?”

मैत्रिणींनो, माझं सगळं म्हणणं या दोन शब्दांभोवतीच आहे. एका कौलासाठी, एका वायसरसाठी, एका थेंबासाठी कशाला माणूस बोलवायचा, असं म्हणत आपण संसार काटकसरीने केले, त्यात चूक काही नाही. पण तरुणपणी गळकी चावी म्हणजे पाण्याची नासाडी. साठीनंतर तीच चावी म्हणजे मोरीत शेवाळ, आणि शेवाळ म्हणजे पाय घसरणं. आपल्या बायकांची हाडं पाळी गेल्यावर आणखी ठिसूळ होतात. तेव्हा गळती हा विषय आता मिस्त्रीचा राहिलेला नाही, तुमच्या मनगटाचा आणि खुब्याचा झालेला आहे.

त्या रात्रीनंतर मी यांना म्हटलं, “तुम्ही झोपून सांगा, मी करते.” आणि दीड महिना आमची शाळा भरली. मास्तर पलंगावर, विद्यार्थिनी एकसष्ट वर्षांची.

पहिला धडा कॉकचा. उजवीकडे फिरवला की बंद, डावीकडे की सुरू. गंजलेला बदलून नवा बसवला आणि दर अमावास्येला एकदा बंद करून उघडायचा नेम केला. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी फिरत नाही, हे मी तीन वाजता अनुभवलं होतं. अमावास्या एवढ्यासाठी, की ती माझ्या लक्षात राहते.

दुसरा वायसरचा. हे काम इतकं सोपं आहे, की इतकी वर्षं हे यात एवढा रुबाब कशाचा करत होते असं वाटलं. कॉक बंद करायचा, चावी उघडून नळीतलं पाणी जाऊ द्यायचं. मोरीच्या जाळीवर फडकं टाकायचं, म्हणजे स्क्रू आत पडत नाही. चावीच्या मुंडक्याला दुसरं फडकं गुंडाळून पान्याने डावीकडे फिरवायचं. आत पितळी दांडीच्या टोकाला काळी रबरी चकती असते, ती झिजून खड्डा पडलेली दिसते. तीच दुकानात नमुना म्हणून न्यायची आणि “असाच वायसर द्या” म्हणायचं. काही रुपयांत मिळतो. सासूबाईंच्या वेळी हाच वायसर चामड्याचा असे. त्या चप्पल लाइनीतून चामड्याचा तुकडा आणून कात्रीने कापत. वायसर घातल्यावरही पाणी ठिबकत राहिलं, तर आतली बैठक झिजलेली. मग आपण थांबायचं आणि मिस्त्रीला बोलवायचं. नव्या पद्धतीच्या, पाव फेरा फिरणाऱ्या चावीत वायसर नसतो, आतला पूर्ण भागच बदलावा लागतो. पण त्या लांब दांडीच्या असतील तर बोटांच्या संधिवाताला फार बऱ्या, कोपरानेसुद्धा उघडतात. आमच्या जुन्या पितळी चावीचा आतला भाग बाजारात कुठेच मिळेना, तेव्हा उद्यमनगरात लेथवर तो तसाच्या तसा करून मिळाला. हे आमच्या कोल्हापूरचं कौतुक. तुमच्या गावी नसेल, तर सरळ चावी बदलून टाका.

एक थेंब म्हणजे किती, याचाही मी हिशेब केला. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब. अशा चावीखाली रात्री दहाला पातेलं लावलं, सकाळी सहाला लिटरच्या मापाने मोजलं, तर साडेतीन लिटर भरलं. काळम्मावाडीच्या धरणाचं पाणी पन्नासाहून अधिक किलोमीटरच्या थेट पाइपलाइनने २०२३ साली शहरात आलं, त्यासाठी कोल्हापूरकरांनी किती वर्षं वाट पाहिली ते सर्वांना माहीत आहे. ते मोरीत असं सोडून द्यायचं म्हणजे जिवावर येतं.

गळती दिसत नसेल तर दोन युक्त्या. सगळ्या चाव्या बंद करून पाण्याच्या मीटरकडे बघा. काटा हलत असेल तर जमिनीखाली किंवा भिंतीत कुठेतरी गळतंय. आणि संडासच्या फ्लशच्या टाकीत जिलबीत घालतो तो रंग चिमूटभर टाका. अर्ध्या तासाने, फ्लश न ओढता, भांड्यात रंग उतरला, तर टाकी आतून गळते आहे. पाइपला बारीक चीर गेली, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि वरून सुतळी आवळा. मिस्त्री येईपर्यंत तेवढं पुरतं.

गॅसचं मात्र वेगळं. वास आला की कुठलंही बटण ना चालू करायचं ना बंद. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर जायचं आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर साल छापलेलं असतं, ते चश्मा लावून वाचा. संशय असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघावं. काडी ओढून बघणारी माणसं मी पाहिलेली आहेत!

विजेच्या कामाला मी हात लावत नाही, यांनाही लावू देत नाही. ओल आलेल्या भिंतीत बटण असेल तर मेन स्विच पाडून वायरमनची वाट पाहायची, मग एक रात्र मेणबत्तीवर का जाईना. आम्ही मुलाच्या मागे लागून ईएलसीबी बसवून घेतला. ३० मिलिअँपिअर इतकी थोडी वीज वाटेत गळली तरी तो पटकन पडतो. त्यावर तपासायचं एक बटण असतं. अमावास्येला कॉकबरोबर तेही दाबून बघते.

राहता राहिला माणूस बोलावण्याचा प्रश्न. छोट्या कामाला कोणी येत नाही, ही सगळ्यांचीच रड. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला कामं लिहीत जाते: मोरीची चावी, खिडकीची कडी, न्हाणीतला सुटलेला चौकोन. चार-पाच जमली की एकदम बोलावते, म्हणजे त्याचाही दिवस भरतो. पैसे आधी ठरवायचे, चहा मग द्यायचा. जुना भाग आपल्यासमोर काढून दाखवायला सांगायचा. आणि न बोलावता “टाकी तपासायला आलोय” म्हणणाऱ्याला दार उघडायचं नाही, मग तो कितीही ‘मावशी, मावशी’ करो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं, तेव्हा आम्ही राजारामपुरीत धाकट्या बहिणीकडे गेलो. निघताना मी मेन स्विच पाडला, गॅस बंद केला आणि फरशी उचलून कॉक बंद केला. हे काठी टेकून बघत होते, काही बोलले नाहीत. सगळं शहर पाण्यात आणि उपसा केंद्रंही पाण्यात, त्यामुळे नळ कित्येक दिवस कोरडे. समोरच्या वहिनींनी पाणी येतं का बघायला चावी उघडली होती, ती तशीच राहिली. पूर त्यांच्या उंबऱ्यावरून परत गेला, आणि नंतर नळाला पाणी सुटलं त्याने घर भरलं. वहिनी अजून हसत हसत सांगतात, पण तेव्हा गाद्या वाळवताना हसल्या नव्हत्या. पुरानंतर पहिलं पाणी गढूळ येतं, त्यातली वाळू वायसर खाते. त्या महिन्यात मी आमच्या गल्लीत सात चाव्यांचे वायसर बदलून दिले. २०२१ च्या पुरानंतर बायका स्वतःच बदलू लागल्या.

कौलांचं काम आता वैशाखातच करून घेतो. कौलं परतणारी माणसं कमी झाली, सगळीकडे स्लॅब आले. आमच्याकडे येणारे मामा पन्हाळ्याकडचे, स्वतःच साठीला आलेले, आता मुलाला वर चढवतात आणि आपण खालून सांगतात. हेही अंगणात खुर्ची टाकून बसतात. दोघे खालून सांगणारे आणि एक करणारा! “त्ये डावीकडचं, आढ्याजवळचं!” मामा ओरडतात, “अरं त्येच्या शेजारचं,” असं हे. पोरगं कुणाचंच ऐकत नाही. दुपारी सगळ्यांना झुणका-भाकरी.

तरी देवघराच्या कोपऱ्यात अजून एक थेंब पडतो. तिथे तपेली ठेवली आहे. पाऊस उघडला की मामांना निरोप द्यायचा आहे. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.