सामाईकाचे गणित : सांतजनित उपगट आणि त्यांचा छेद

दोन गोष्टींमधील सामाईक भाग त्या दोहोंपेक्षा लहान असतो, आणि जे लहान ते सोपे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. शाळेत व्हेन आकृती काढताना दोन वर्तुळांच्या मधोमध दिसणारा निमुळता भाग हा समज अधिकच दृढ करतो. गणिताच्या एका शाखेत मात्र या समजाला प्रश्न विचारला गेला. त्याचे उत्तर ठिकाणागणिक बदलते, असे आढळले आणि एका उत्तराचा नेमका आकडा हाती येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. त्या प्रश्नाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. त्यासाठी शालेय गणितापलीकडील पूर्वतयारीची गरज नाही. थोडा धीर मात्र हवा.

गट आणि जनक

गट म्हणजे क्रियांचा असा समूह, ज्यातील कोणत्याही दोन क्रिया एकापाठोपाठ केल्या असता मिळणारी क्रियाही त्याच समूहात असते. ‘काहीच न करणे’ ही अविकारक क्रिया त्यात असते आणि प्रत्येक क्रियेला उलटवणारी व्यस्त क्रियाही असते. बेरजेच्या संदर्भात पूर्णांक संख्यांचा गट होतो. त्यातील ४ च्या पटींचा समूह स्वतःच एक गट आहे. म्हणून तो उपगट. हा सारा अनंत उपगट एकट्या ४ या संख्येपासून तयार होतो. ज्या घटकांपासून संपूर्ण उपगट तयार करता येतो, त्यांना जनक म्हणतात. आणि मोजके, म्हणजे सांत संख्येचे, जनक पुरत असतील तर तो उपगट सांतजनित होय. अनंताला मूठभर शब्दांत पकडण्याची ही युक्ती आहे.

आता ४ च्या पटी आणि ६ च्या पटी यांचा छेद घ्या. तो १२ च्या पटींचा निघतो. आपला परिचित लसावि तो हाच. येथे दोन सांतजनित उपगटांचा छेदही सांतजनित झाला. हे नेहमीच घडते काय? हाच आमचा प्रश्न.

मुक्त गट

दोन अक्षरे घेऊ : अ आणि ब. त्यांच्या व्यस्त क्रियांना अ′ आणि ब′ म्हणू. या चार चिन्हांपासून हवे ते शब्द बनवावेत. नियम एकच : एखादे चिन्ह आणि त्याचे व्यस्त लागोपाठ आले तर दोन्ही गळून पडतात. याखेरीज कोणतेही बंधन नाही. अब आणि बअ हे शब्द वेगळेच राहतात. बंधन नाही म्हणून हा ‘मुक्त गट’.

१९५४ साली इंग्रज गणिती जेफ्री हाउसन यांनी सिद्ध केले की, मुक्त गटातील दोन सांतजनित उपगटांचा छेद नेहमीच सांतजनित असतो. हेच हाउसन पुढे गणितशिक्षणाच्या क्षेत्रात नावारूपाला आले. त्यांच्या प्रमेयाचे मर्म चित्रातून समजते. चित्रांची ही पद्धत अमेरिकन गणिती जॉन स्टॉलिंग्ज यांनी १९८३ मध्ये मांडली.

कागदावर एक ठिपका काढा. उपगटाचा प्रत्येक जनक म्हणजे त्या ठिपक्यापासून निघून त्याच ठिपक्याशी परतणारी वाट. वाटेवर बाणांवर अक्षरे लिहावीत. बाणाच्या उलट दिशेने जाणे म्हणजे व्यस्त अक्षर वाचणे. एकाच ठिपक्यातून एकाच अक्षराचे दोन बाण निघत असतील, किंवा त्यात येऊन मिळत असतील, तर ते एकावर एक दुमडावेत. प्रत्येक दुमडीत एक बाण कमी होतो, म्हणून हे काम कधीतरी संपतेच. उरलेल्या चित्रात प्रत्येक अक्षरासाठी पुढची वाट एकच असते, आणि काटछाट पूर्ण झालेला शब्द उपगटात आहे की नाही हे सहज कळते : मूळ ठिपक्यापासून तो शब्द वाचत चालावे, वाट न खुंटता मूळ ठिपक्याशी परतलो तर शब्द आतला, नाहीतर बाहेरचा.

छेद काढण्यासाठी दोन्ही चित्रांत एकाच वेळी चालावे. पहिल्या चित्रात ५ ठिपके आणि दुसऱ्यात ७ असतील, तर ‘येथे हा ठिपका, तेथे तो’ अशा जोड्या जास्तीत जास्त ३५ होतील. म्हणजे छेदाचे चित्रही सांत; आणि सांत चित्रात स्वतंत्र वेढे मोजकेच असतात. त्यांची संख्या म्हणजे बाणांच्या संख्येतून ठिपक्यांची संख्या वजा करून १ मिळवणे. तेवढेच जनक पुरतात.

एक उदाहरण पाहू. ज्या शब्दांत अ आणि अ′ मिळून सम वेळा येतात, त्यांचा एक उपगट. त्याच्या चित्रात २ ठिपके व ४ बाण, म्हणून जनक ३. ब विषयी तशीच अट घातली तर दुसऱ्या उपगटाचेही जनक ३. दोन्ही अटी एकदम पाळणाऱ्या शब्दांच्या चित्रात ४ ठिपके व ८ बाण, जनक ५. छेद दोहोंपेक्षा लहान, पण त्याला जनक अधिक लागले. लहान म्हणजे सोपे, हा समज येथेच डळमळतो.

जेथे हमी तुटते

आता मुक्त गटात त हे तिसरे अक्षर मिसळू. हे अक्षर सर्वांशी जुळवून घेणारे आहे : अत आणि तअ एकच, बत आणि तब एकच. नियम वाढला, म्हणजे गट अधिक शिस्तबद्ध झाला असे वाटते. परंतु हाउसन यांची हमी नेमकी येथेच संपते.

एक उपगट अ आणि ब यांपासून बनवा. दुसरा अ आणि बत यांपासून. दुसऱ्या उपगटातील प्रत्येक ब बरोबर एक त येतो. तो शब्द पहिल्या उपगटात असायचा, तर सारे त एकमेकांना खोडून नाहीसे झाले पाहिजेत. म्हणजेच ब आणि ब′ समसमान हवेत. ब म्हणजे एक पायरी वर आणि ब′ म्हणजे एक पायरी खाली असे मानले, तर छेदात जमिनीवरून निघून जमिनीवर परतणारे शब्दच येतात.

समजा, या छेदाला मोजके जनक पुरतात आणि त्यांतील कोणताही १० पायऱ्यांच्या वर जात नाही. त्यांचे व्यस्त त्याच वाटेने उलट चालतात. एकापुढे एक जोडले तरी प्रत्येक जण जमिनीवरूनच निघतो आणि जमिनीवरच परततो. काटछाटीत वाट कमी होते, उंच होत नाही. तेव्हा कोणताही गुणाकार १० च्या वर जाणार नाही. परंतु ११ वेळा ब, मग अ, मग ११ वेळा ब′ हा शब्द छेदात आहे, आणि तो ११ पायऱ्या चढतो! १० ऐवजी कोणतीही संख्या घेतली तरी हीच अडचण उभी राहते. म्हणून हा छेद सांतजनित नाही. प्रत्येकी दोनच जनक असलेल्या दोन उपगटांचा सामाईक भाग कोणत्याही मोजक्या यादीत मावत नाही.

हॅना नॉयमन यांचा अंदाज

मुक्त गटात छेदाचे जनक मोजके असतात हे कळले. पण जास्तीत जास्त किती? ३ आणि ३ जनकांच्या उपगटांसाठी हाउसन यांच्या सूत्राने १३ ही मर्यादा मिळते. हॅना नॉयमन यांनी १९५६-५७ मध्ये ती ९ वर आणली. दोन्ही उपगटांच्या जनकसंख्यांतून एकेक वजा करून गुणाकार करावा, त्याची दुप्पट करावी आणि १ मिळवावा, असे त्यांचे सूत्र. ही दुप्पट अनावश्यक असावी, असा त्यांचा अंदाज होता. तो खरा ठरला तर मर्यादा ५ होते, आणि वरच्या उदाहरणात छेदाला बरोबर ५ जनक लागतात. म्हणजे त्याहून खाली जाता येत नाही. १९७१ मध्ये बर्न्स यांच्या सुधारणेने ती ७ पर्यंत आली. त्यापुढील दोन पावलांसाठी चाळीस वर्षे जावी लागली.

या विदुषीचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, जाणून घ्यावे असे आहे. जन्म १९१४, बर्लिन. नाझी राजवटीत ज्यू प्राध्यापकांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांत त्या होत्या. त्यांचे नियोजित पती बर्नहार्ड नॉयमन हे ज्यू. त्यामुळे १९३८ मध्ये त्यांनी मायदेश सोडून ब्रिटन गाठले. युद्धाच्या काळात ऑक्सफर्ड येथे, पती सैन्यात आणि मुले लहान असताना, एका कॅरव्हॅनमध्ये राहून मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी प्रबंध लिहिला. पुढे त्या ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे प्राध्यापक झाल्या. १९७१ मध्ये कॅनडात व्याख्यानदौऱ्यावर असताना त्यांचे निधन झाले. २०११ मध्ये जोएल फ्रीडमन आणि इगोर मिनेयेव यांनी स्वतंत्रपणे त्यांचा अंदाज सिद्ध केला. प्रश्न नीट विचारणारी व्यक्ती गेल्यानंतरही प्रश्न काम करीत राहतो, याचे हे उदाहरण.

या विषयातून व्यवहारात काय मिळेल, असा प्रश्न पालक विचारतील, आणि तो रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच : उघड वाटणारी गोष्ट तपासून पाहावी, ती कोठे खरी आहे आणि कोठे नाही हे कारणासहित सांगावे, ही सवय येथे लागते. ती सवय ज्याला लागली, त्याला अधिकारवाणीने सांगितलेले सारेच खरे वाटत नाही आणि सारेच खोटेही वाटत नाही.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी आणि उत्साही माजी विद्यार्थ्यांसाठी एक स्वाध्याय. अ च्या संख्येतून अ′ ची संख्या वजा केली असता ३ ची पट येते, अशा शब्दांचा उपगट घ्या. दुसरा वरीलप्रमाणे, ब विषयीच्या सम अटीचा. दोन्ही चित्रे काढा, ठिपक्यांच्या जोड्या लावा आणि छेदाचे जनक मोजा. उत्तर ७ यायला हवे. आले नाही, तर बाण पुन्हा मोजावेत.