धूर कोणाचा, कोणाच्या वाट्याला?

यवतमाळ जिल्ह्यातील नेर परिसरात कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात, तूर निघाली की तुराट्या. मजुरी करणाऱ्या कित्येक घरांत हेच जळण. विद्यार्थी मित्रांनो, अशी दोन घरे डोळ्यांसमोर आणा. एकात चूल, दुसऱ्यात गॅसची शेगडी आणि एसी. पर्यावरणावर अधिक भार कोणाचा? धूर दिसतो तो चुलीचा, म्हणून बोट तिकडेच जाते. आपण मात्र गणित करू.

एक किलो वाळलेले जळण सुमारे 16 मेगाज्यूल उष्णता देते. दिवसाला चार किलो लागले, तर 64 मेगाज्यूल. साध्या चुलीत यातील जेमतेम आठवा हिस्सा भांड्याला मिळतो, म्हणजे आठच मेगाज्यूल! एवढे काम शेगडीवर सुमारे 300 ग्रॅम गॅसमध्ये होते. चूल उधळी खरी. पण पऱ्हाटी फुकट मिळते आणि सिलिंडरला रोख पैसे लागतात. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत शेगडी पोचवली. तरी सिलिंडर संपला आणि गाठीला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते.

पऱ्हाटी जळताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड त्याच हंगामात पिकाने हवेतून घेतलेला असतो. पुढले पीक तो परत घेते. चुलीचा खरा अपाय निराळा आहे. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड व काजळीचे सूक्ष्म कण निघतात, आणि ते चुलीपुढे बसलेल्या बाईच्या व तिच्याजवळच्या लेकराच्या फुप्फुसांत जातात.

आता दुसरे घर. दीड टनाचा एसी उन्हाळ्यातल्या एका रात्री सुमारे 10 युनिट वीज घेतो. एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. पण कोळशाच्या वीजकेंद्रात उष्णतेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचीच वीज होते. म्हणजे या एका झोपेसाठी शंभराहून अधिक मेगाज्यूल, सहा-सात किलो कोळसा, आणि नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड! एवढा वायू गॅसवरच्या दहा दिवसांच्या स्वयंपाकातून निघतो. शिवाय हा कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीत पुरलेला होता. त्याचा धूर या घरात शिरत नाही. तो चंद्रपूरसारख्या ठिकाणच्या चिमण्यांतून निघतो. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, वर स्वतः खाल्लेल्या विजेची भर घालतो. ती ऊब शेजारच्या पत्र्याच्या घराला फुकट!

येथे एक खोच आहे. गरिबाचा बहुतेक रुपया अन्न आणि जळणावर जातो, तर श्रीमंताचा थोडाफार शिकवणी, विमा अशा गोष्टींवरही. त्यामुळे रुपयामागे भार मोजला तर गरिबाचा कधी अधिक भरतो. परंतु श्रीमंताचे रुपयेच इतके जास्त, की एकूण भार त्याचाच मोठा. जगातील सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांकडे एकूण कार्बन उत्सर्जनाचा जवळजवळ निम्मा वाटा जातो. भारतात दरडोई वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत सुमारे 14 टन, हे आकडे तुम्ही वाचले असतील. त्या 2 टनांत आपली दोन्ही घरे एकत्र कालवलेली आहेत.

तुमच्या घरचा विजेच्या मीटरचा आकडा आज संध्याकाळी व उद्या सकाळी लिहून ठेवा. जितके युनिट सरले, तितके सहा-सातशे ग्रॅम कोळसा धरा. शेजारी चूल असेल तर तिथले दिवसाचे जळणही तोलून पाहा.